उधाणाचा आकडा

"मयेकर, तुमचा मालवणचा आकडा चुकलाय हं," असं विमला साने म्हणाली तेव्हा पुरुषोत्तम मयेकर चहात बिस्किट बुडवत होता. भिजलेलं अर्धं बिस्किट तुटून कपात पडलं. ते वर काढावं की तसंच राहू द्यावं ह्या विचारात तो चमचा शोधत राहिला आणि तिच्या वाक्याकडे लक्ष जायला जरा उशीर झाला. ती हसत होती. चूक सापडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता आणि तो निर्मळ होता, कारण तिच्या दृष्टीनं चूक आकड्यातली होती, माणसातली नव्हती. संस्थेत नवं गणकयंत्र आलं होतं. जुन्या यंत्रावरचे लहानसहान प्रोग्रॅम नव्यावर बसवायचे आणि ते नीट चालतात का हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. मयेकरचा भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम त्यांतलाच एक. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालायचा, समोरच्या टाइपरायटरवर एकच ओळ टाइप करायची, की कुठल्या बंदरात कुठल्या दिवशी पाणी किती चढेल ते रुंद कागदावर खडखडत उमटायचं. चाचणी म्हणून तिनं आधी मुंबई बंदराची कार्डं दिली. मुंबईचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं, ते बरोबर आलं. मग त्याच खणात सुतळीनं बांधलेला दुसरा गठ्ठा दिसला, वर मयेकरच्या अक्षरात 'मालवण, कालावल खाडी' असं लिहिलेला. सहज म्हणून तिनं तोही दिला, तर यंत्र मध्येच थांबलं. "मध्ये कोरी कार्डं आहेत तुमची," ती म्हणाली. "जुनं यंत्र कोरं कार्ड आलं की गुपचूप शून्य धरायचं. हे थांबतं आणि विचारतं. मी चार ओळी घातल्या, कोरं असेल तर सोडून दे म्हणून. आता आकडा चांगला हातभर खाली येतो." आणि मग, जाता जाता, "कोणी वापरला तर नव्हता ना तो?"

"नाही हो," मयेकर म्हणाला. "कोण वापरणार? घरचं काम होतं. सहज केलेलं."

ती गेल्यावर त्यानं तो चहा प्यायला. तळाशी बिस्किटाचा लगदा झाला होता, तोही चमच्यानं खाल्ला. आपल्याला काहीच होत नाही याचं त्याला नवल वाटलं. हातभर. नवं यंत्र थांबतं आणि विचारतं. जुन्याला विचारायची रीतच नव्हती; त्याच्या लेखी 'पाणी नव्हतं' आणि 'पाणी कोणी पाहिलं नाही' या दोन्हींत फरक नव्हता. पण तो फरक मयेकरला ठाऊक होता. कोरी कार्डं त्यानं स्वतःच्या हातानं गठ्ठ्यात घातली होती, मोठ्या काळजीनं, दिवसांची सांगड सरकू नये म्हणून. आणि ते दिवस कुठले हेही त्याला ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत तो स्वतः गावी होता; पडवीत, भावाच्या शेजारी, पांढऱ्या पंच्यात, मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत. आई गेली होती. सुतकात खाडीवर जाऊन पाण्याचा खांब वाचायला कोण जाणार? खांब त्यानंच रोवला होता, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दगडांना लागून, तांबड्या रंगानं आकडे काढलेला. त्या सबंध माघ-फाल्गुनात दादानं, म्हणजे गंगारामनं, तासातासाला तो खांब वाचला. थकला की तुळसावयनी जायची. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माणसानं एकही आकडा खाडाखोड करून लिहिला नव्हता. सुतक फिटल्यावर तो पुन्हा जायला लागला आणि मधले रकाने तसेच मोकळे ठेवले. "दादा, साधारण अंदाजान भर ना," पुरसो तेव्हा म्हणाला होता. घरी तो पुरसो होता. "बघूक नाय तर कसा लिवू?" गंगाराम म्हणाला होता. पुरसोला ते आवडलं होतं. मुंबईला परतल्यावर त्यानं साहेबांना ते सांगितलंही होतं, भाऊ किती प्रामाणिक आहे म्हणून, आणि साहेब म्हणाले होते, शास्त्राला अशीच माणसं लागतात.

गावाकडे निघालेल्या आगबोटीच्या डेकवर बसून तो हे पुन्हा पुन्हा उलगडत होता आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबत होता. आईच्या म्हाळाला येतो असं त्यानं कळवलं होतं. गेल्या दोन वर्षांत गेला नव्हता. काम होतं, आणि काम नसतं तरी गेला नसता. तो आकडा निघाला त्या दिवशीचं त्याला सगळं आठवत होतं. मुंबईचं उत्तर केसाएवढंही न चुकता जुळलं होतं, लोक पाठीवर थाप मारून गेले होते, आणि त्याच्या मनात आलं होतं की आता माझ्या खाडीचं पाहू. ज्या चिखलात आपण गुडघाभर रुतून मोठे झालो त्या चिखलाचं गणित या काचेच्या खोलीत बसून सुटतं का ते पाहू. त्यात शास्त्र किती होतं आणि मस्ती किती, हे आता सांगणं कठीण होतं. चाचणी म्हणजे जे ठाऊक आहे तेच पुन्हा विचारणं. मुंबईच्या कार्डांत एकही जागा रिकामी नव्हती, तिथं कोणाची आई मेली नव्हती, म्हणून मुंबई बरोबर आली. मालवणच्या गठ्ठ्यात यंत्राला दिसलं की काही दिवस खाडी पार तळापर्यंत आटली होती आणि मग एकाएकी भरली. जी खाडी इतकी खोल जाते ती तितकीच वरही येणार, असा यंत्रानं सरळ हिशेब केला. पुढच्या भादव्यांच्या उधाणांत पाणी खाजणाच्या, खाडीकाठच्या सखल भातजमिनीच्या, बांधावरून जाईल, शेतं बुडतील, खारं पाणी एकदा आत शिरलं की वर्षानुवर्षं भात येणार नाही. पुरसोनं हे पुढल्या वर्षीच्या शिमग्याला घरी जाऊन सांगितलं, अंगणात, वाडीतल्या माणसांसमोर. कागद उलगडून दाखवला. त्यावरचे इंग्रजी आकडे कोणाला वाचता आले नाहीत, पण कागद यंत्रातून आलाय हे सगळ्यांना दिसत होतं. बांध आणखी हातभर चढवावा असं कोणीतरी म्हणालं. एवढी माती कोण आणणार, माणसं मुंबईत, असं दुसरा म्हणाला. आणि मग गंगाराम उठून म्हणाला, "माझो भाव सांगता ता खोटा होवचा नाय." त्या वाक्यानं तेव्हा पुरसोचा ऊर भरून आला होता. आगबोटीच्या कठड्याला टेकून तेच वाक्य त्यानं ओठांत पुटपुटून पाहिलं आणि अर्ध्यावर सोडलं.

गंगारामनं खाजणातला आपला वाटा दिला आणि डॉमिंगो फर्नांडिसची वरची भरड जमीन घेतली. डॉमिंगो बोटीवरची नोकरी सुटून नुकताच परत आला होता, त्याच्याकडे कातळाला लागून तेवढा एक तुकडा होता आणि त्याला भात करायचं होतं. बुडलं तर बुडलं, असं म्हणून तो हसला होता. गंगारामच्या पाठोपाठ आणखी चार घरांनी खाजण सोडलं. कोणी गोव्याच्या खाणींवर गेलं, कोणी मुंबईला. पहिला भादवा आला आणि गेला. पुरसोनं स्वतःशी म्हटलं, वारा उलटा असेल. दुसरा गेला, तेव्हा म्हटलं, खाडीच्या तोंडाशी वाळू साचली असेल. दादानं कधी काही विचारलं नाही. आणि न विचारणं हे दादाच्या मोठेपणाचं लक्षण आहे अशी पुरसोनं आपली सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

आगबोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून धक्क्यावर उतरताना त्याचा एक बूट भिजला. गावात पोचेपर्यंत तो वाळून कडक झाला आणि टाचेला लागू लागला. दादा अंगणात लाकडं फोडत होता. तो म्हातारा झाला नव्हता, वाळला होता; मासा वाळतो तसा, आकार तोच आणि आत काही नाही. "इलंस?" एवढंच म्हणाला. म्हाळ झाला. पानावर वाढलेला भात रेशनचा होता, वास मारणारा, आणि त्यातही श्राद्धापुरताच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसावयनीनं त्याच्यासमोर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ठेवली आणि ती लाजली. "भावोजी, तुमका गोड लागाची नाय," ती म्हणाली. दारातून खाली पाहिलं की खाजण दिसत होतं. भात पिवळं पडायला लागलं होतं, इतकं दाट की वाऱ्याची झुळूक त्यावरून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तशी जात होती. पूर्वी त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात आपली कुणगी, आपला भाताचा तुकडा, होती ते त्यानं डोळ्यांनी शोधलं आणि सापडताच दुसरीकडे पाहिलं.

"दादा खंय गेलो?" त्यानं विचारलं.

तुळसानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "आज आमाशा ना. बांधार. दर आमाशेक जातत, दर पुनवेक जातत. पाणी भरासर बसतत आणि पाणी उतारला काय येतत. मगे दोन दीस कोणाशी बोलणत नाय." तिनं दाराबाहेर पाहिलं. "माका भय वाटता, भावोजी. तुमी काय तरी सांगा तेंका. तुमचा आयकतत."

तुमचा आयकतत. तो वाट उतरत होता आणि बूट टाचेला चावत होता. दुपार चढत होती. सांगायचं कसं याची वाक्यं तो मुंबईपासून जुळवत आला होता. त्यांतली निम्मी प्रमाण मराठीत होती आणि ती इथं निरुपयोगी होती. कचेरीत चूक झाली की 'त्रुटी' म्हणायची सोय असते. दादाला काय म्हणणार? शिवाय मुळात सांगायचं कशासाठी? दादाचं भलं व्हावं म्हणून, की आपल्या छातीवरचं उतरावं म्हणून? आपण इथं कबुली द्यायला आलोय आणि कबुली घ्यायचं ओझंही त्याच्याच माथी मारणार आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी पाय थांबत नव्हते. बांधावर चढल्यावर पाणी दिसलं. उधाण खाडीत शिरलं होतं, गढूळ, फेसाळ, तिवरांचे फक्त शेंडे वर ठेवून. आणि बांधाच्या दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या पातळीहून चांगलं खाली, ते पिवळं शेत निवांत डुलत होतं. मधे मातीची एवढीशी भिंत. गंगाराम उघाडीच्या पलीकडे, तोंड पाण्याकडे करून उकिडवा बसला होता.

पुरसो त्याच्या शेजारी बसला. पाणी वर येत होतं, पण दमल्यासारखं.

"दादा," तो म्हणाला, "तो आकडो चुकलेलो होतो."

गंगारामनं मान वळवली नाही.

"यंत्र चुकला नाय. मी चुकलंय. आवस गेली तेव्हा आपण खांब वाचूक नाय. ते दीस कोरे होते. कोऱ्या जागी यंत्रान शून्य धरल्यान. माका ता आता कळला. आठ दीस झाले."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे पाणीच नाय."

"खाडी सुकली?"

"होय. यंत्राक तसा दिसला."

गंगारामनं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी कुस्करलं. "आवस गेली त्या दिसांत खाडयेत पाणीच नाय होता," तो सावकाश म्हणाला, शाळेत धडा म्हणावा तसा. मग, "मी खोटो आकडो घातलंय असतंय तर? तू म्हणलेलंस तसो, अंदाजान?"

पुरसोला खोटं बोलावंसं वाटलं. पण ह्या एका प्रश्नाचं खोटं उत्तर त्याला सुचेना.

"तर बरोबर इला असता," तो म्हणाला. "जवळजवळ बरोबर."

गंगाराम हसला. आवाज न करता, खांदे हलवून, आणि ते हसणं थांबेपर्यंत पुरसो खाली पाण्यात तरंगत आलेल्या एका नारळाकडे पाहत राहिला. तो चिडेल, शिव्या देईल, कदाचित हात उगारेल, अशी त्याची अपेक्षा होती. खरं म्हणजे आशा होती. पण गंगाराम बोलला तेव्हा आवाज अगदी घरगुती होता.

"चार घरां माझ्या सांगण्यार गेली, पुरसो. तेंका वाटता नशिबान फसवल्यान. ता तसाच रवांदे. कोणाक सांगू नको." आणि मग, "मी हय कित्याक येतंय, तुका म्हायत आसा?"

"वयनी म्हणाली, बसतंस."

"बसतंय. देवाक सांगतंय, बांध फुटांदे. ह्या सगळा बुडांदे. डॉमिंगोची पोरां उपाशी मरांदेत, पण माझ्या भावाचो शब्द खरो होवांदे. तीन वर्सां. प्रत्येक उधानाक." त्यानं बोटाला लागलेली माती धोतराला पुसली. "पाणी हय येता, ह्या दगडापर्यंत, आणि परत जाता. माका वाटायचा, आज नाय तर पुढल्या आमाशेक. आता तू सांगतंस, पाणी कधीच वयर येवचा नव्हता."

पुरसो काहीतरी बोलणार होता. घरी पैसे पाठवतो, नोकरी बघतो, असलं काही. ते शब्द तोंडात यायच्या आत त्याला त्यांची किळस आली. गंगाराम उठला होता. बांधाच्या आतल्या उतारावर चार पावलं खाली गेला आणि तिथलं गवत त्यानं हातानं बाजूला केलं. "हय ये," तो म्हणाला. गवताखाली मनगटाएवढं भोक होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार शेताकडे झिरपत होती. खाली चिखल मऊ पडला होता आणि तेवढ्या वर्तुळातलं भात तांबूस, करपल्यासारखं झालं होतं. खेकडे बांध पोखरतात, हे पुरसोला लहानपणापासून माहीत होतं. पूर्वी प्रत्येक पावसाळ्याआधी सगळी वाडी अशी बिळं शोधून बुजवायची. "कुर्ल्येचा बीळ," तो म्हणाला.

"ह्या बीळ कुर्ल्येचा नाय," गंगाराम म्हणाला.

पुरसोला आधी ते नीट कळलंच नाही. मग गवतात पडलेला तो पारईचा तुकडा दिसला, तोंडाला ताजी माती असलेला. एकही आकडा मनाचा न लिहिणारा माणूस. बघूक नाय तर कसा लिवू म्हणणारा. तो इथं बसून, दर उधाणाला थोडं थोडं, आपल्या भावाचं गणित खरं करत होता. बाहेरचं पाणी अजून चढत होतं. धार जाड झाली, तिच्यासोबत मातीचा एक ढलपा सुटून खाली घसरला. दोघंही त्याकडे पाहत राहिले. किती वेळ, ते नंतर पुरसोला सांगता आलं नसतं. त्या वेळात त्याच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आलाच नाही असं त्याला पुढं कधी म्हणता आलं नाही: अजून थोडं थांबलं तर बांध खरंच जाईल, मग विमला साने काय म्हणते याला काही अर्थ राहणार नाही.

मग गंगाराम गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागला. पुरसोही बसला. बुटांत चिखल गेला, पॅंट गुडघ्यापर्यंत काळी झाली. गंगारामनं झुडपाच्या फांद्या मोडून भोकात कोंबल्या, पुरसोनं त्यावर चिखलाचे गोळे दाबले. एक दाबला की पाणी दुसरीकडून बाहेर यायचं, तळव्याला ढुशी मारायचं, एखाद्या जनावराच्या नाकाडासारखं. लहानपणी हेच काम ते दोघं हसत, एकमेकांच्या अंगावर चिखल फेकत करायचे. हळूहळू धार बारीक झाली आणि थांबली. बाहेर खाडी काठोकाठ भरून स्तब्ध उभी होती, बांधाच्या माथ्याहून हातभर खाली.

"सायबा! काय झाला रे?" डॉमिंगो बांधावरून धावत येत होता, हाफ पॅंटीत, डोक्याला पंचा गुंडाळलेला. पुरसोला पाहून तो थबकला. "पुरसो! तू कधी इलंस?" मग त्याची नजर बुजवलेल्या जागेवर गेली, तांबूस भातावर गेली, आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. "कुर्ल्येन पोखरल्यान?"

गंगाराम मातीचे हात समोर धरून उभा होता. तो उत्तर देणार हे पुरसोला दिसलं. त्याचे ओठ हलले होते, आणि गंगाराम खोटं बोलणार नव्हता.

"होय," पुरसो घाईघाईनं म्हणाला. "कुर्ल्येन. केवढी थोरली होती."

"बघलंस?" डॉमिंगो म्हणाला. "लोक म्हणतत, ह्याका येड लागला, उधानाक बांधार जावन बसता. मी बायलेक, रोझालिनाक, सांगतंय, अगो, शेत दिला तरी तेचो जीव हयच आसा. माझो बांध राखता तो." आणि त्यानं गंगारामचा चिखलानं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "देव बरें करूं तुझां. नवा भात निघाला काय पयली पाटी तुझ्या घरात."

गंगारामनं हात सोडवून घेतला नाही. डॉमिंगो सोडीपर्यंत तो तसाच उभा राहिला, वैद्यासमोर नाडी देऊन उभं राहावं तसा. डॉमिंगो बोलत होता, यंदाच्या पिकाबद्दल, धाकट्या मुलीच्या लग्नाबद्दल, आणि हसून पुरसोकडे वळत, "आता तुझा यंत्र काय म्हणता रे, औंदा बुडतलंय काय मी?" पुरसो म्हणाला, नाही, बुडत नाहीस. डॉमिंगोला ते फार विनोदी वाटलं.

परतताना गंगाराम पुढं होता. पुरसोच्या बुटांतून चिखल पचपचत होता आणि टाच आता सोलवटली होती. वाट चढाची होती. मागं पाणी उतरायला लागलं असावं. उघाडीच्या दगडांवरून ओसरणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागला होता. कुंपणाच्या बेड्यापाशी गंगाराम थांबला, बांबू बाजूला केला, पण आत गेला नाही.

"पुढल्या आमाशेक मी बांधार जावचंय नाय," तो म्हणाला.

पुरसोला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. "बरा होईल, दादा," तो म्हणाला. "वयनीक पण बरा वाटात."

गंगारामनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही फारशी नव्हती.

"तूय आता येव नको," तो म्हणाला, आत शिरला आणि आतून बांबू परत लावून घेतला.